सहाच्या आधी चार बोटं

'पारिजात मनुष्यबळ'कडून फोन आला की मी पहिल्यांदा विचारते, "आपण माणूस आहात का?" उत्तर ठरलेलं असतं. "हो मॅम, मी अन्वी बोलतेय." कधी अन्वी, कधी स्वरा, कधी आर्या. तिघींचा आवाज मला एकच वाटतो. पण माझे कान त्र्याहत्तर वर्षांचे आहेत, आणि आजकालच्या मुली तशाही एकसारख्याच बोलतात, म्हणून शपथेवर काही सांगणार नाही.

त्या दिवशीची अन्वी म्हणाली, "मॅम, तुमचा प्रोफाइल आम्हाला खूप आवडला. जरा तुमचा रेझ्युमे पाठवाल?"

"न वाचताच आवडला?"

"सॉरी मॅम?"

"चार वेळा पाठवलाय. मार्चमध्येच दोनदा."

"ते जुन्या फॉर्मॅटमध्ये होते मॅम. आणि तुमचा नोटीस पिरियड किती आहे?"

"मी तेरा वर्षं घरी बसून आहे, बाळ."

"म्हणजे इमिजिएट जॉइनर," ती खूश होऊन म्हणाली, आणि पलीकडे काहीतरी टाइप केल्याचा आवाज आला. तो आवाजही मला जरा जास्तच व्यवस्थित वाटला.

माझ्या काळी एजन्सीवाले नव्हते असं नाही. खोपोलीच्या स्टँडसमोर चहाच्या टपरीवर राणे नावाचा एक ठेकेदार बसायचा. शटडाउनचा हंगाम आला, म्हणजे कारखाने दुरुस्तीसाठी महिनाभर बंद व्हायला लागले, की फिटर, वेल्डर, रिगर आणि आम्ही फिल्म वाचणारे, सगळे राणेकडे नाव लावायला जायचो. राणे खोटं बोलायचा. "उद्या गाडी येतेय" म्हणायचा आणि गाडी पुढच्या आठवड्यात यायची. पण खोटं बोलताना तो डाव्या कानाची पाळी ओढायचा, आणि हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. अन्वीला कान आहेत की नाहीत, हेच मला ठाऊक नाही.

फिल्म म्हणजे सिनेमाची नव्हे. दोन पाइप वेल्डिंगने जोडले की त्या जोडाचा एक्स-रे काढतात, मोडलेल्या हाडाचा काढतात तसा. भरीव धातू उजळ दिसतो, पोकळी किंवा चीर काळी. उजेडाच्या खोक्यावर फिल्म लावायची, भिंग घ्यायचं आणि निकाल द्यायचा: अ‍ॅक्सेप्ट की रिपेअर. चीर असेल तिथे पिवळ्या मेणाच्या पेन्सिलीने गोल करायचा. चौतीस-पस्तीस वर्षं मी तेच केलं. या पट्ट्यात पहिली बाई मीच होते. साइटवर मला सगळे 'फिल्मवाल्या बाई' म्हणत. मग यंत्रं फिल्म वाचायला लागली, आमच्यापेक्षा भराभर आणि न थकता, आणि मी घरी बसले.

पुन्हा बोलावणं आलं ते हायड्रोजनमुळे.

हायड्रोजनचा रेणू सगळ्यात लहान. तो लोखंडाच्या अंगात शिरतो आणि त्याला आतून ठिसूळ करतो. साध्या गॅसच्या लायनीत जी केसाएवढी चीर तीस वर्षं गुपचूप पडून राहील, ती हायड्रोजनच्या लायनीत हळूहळू चालायला लागते. म्हणून लाइन टाकली की तुकड्यातुकड्याने पाणी भरून, दाब देऊन तपासतात. पण असे तपासलेले दोन तुकडे ज्या शेवटच्या जोडाने जोडायचे, त्या जोडाला पाण्याची परीक्षा देताच येत नाही. त्याला साइटवर 'गोल्डन जॉइंट' म्हणतात. त्याच्याबद्दल जे काही कळेल ते फिल्मवरूनच. बाहेरच्या देशात एकदा यंत्राने पास केलेला असा जोड फुटला आणि अख्खं गाव गेलं. तेव्हापासून कायदा झाला: गोल्डन जॉइंटची फिल्म परवानाधारक दोन माणसांनी, स्वतंत्रपणे, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीच पाहिजे. आणि माणसाने न बघता नुसतं बटण दाबू नये म्हणून बघतानाची त्याची नजर नोंदलेली पाहिजे.

परवाना मी दर पाच वर्षांनी परीक्षा देऊन चालू ठेवला होता. मुलगी हसायची. म्हणायची, "आई, तू कशाला मरतेस?" मला सांगता यायचं नाही. देवळात रोज जाणाऱ्या बायका असतात, तसं काहीसं.

एका सोमवारी कुरिअरने पारिजातचा चष्मा आला.

* * *

चष्म्याचं शास्त्र मला पटलं होतं, हे कबूल करते. आपल्याला वाटतं आपण समोरचं सगळं एकदम बघतो. तसं नसतं. डोळ्याच्या मधोमध एक टिकलीएवढी जागा आहे, तिथेच काय ते स्वच्छ दिसतं. म्हणून डोळा सतत उड्या मारतो, इथे टेकतो, तिथे टेकतो. काही खटकलं की जास्त वेळ टेकतो, आणि बाहुली किंचित मोठी होते. हे आपल्या हातात नाही. छातीच्या एक्स-रेवर गाठ न दिसलेल्या डॉक्टरांची नजर जेव्हा तपासली, तेव्हा असं आढळलं की कित्येकांचा डोळा त्या गाठीवर जाऊन थांबलेला होता. डोळ्याने पाहिलं होतं, तोंडाने सांगितलं नाही. चष्म्याच्या काड्यांत बसवलेले बारीक कॅमेरे हे थांबणं सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात.

चष्म्याबरोबर सतरा पानांचं संमतिपत्र होतं. मी अकरा पानं वाचली आणि सही केली.

मंगळवारी सकाळी अन्वी म्हणाली, "मॅम, ही फक्त स्किल टेस्ट आहे. जुन्या संग्रहातले चाळीस नमुने. रिलॅक्स होऊन करा. क्लायंटला पॉझिटिव्ह अ‍ॅटिट्यूडचे लोक हवेत."

पॉझिटिव्ह अ‍ॅटिट्यूड म्हणजे काय, हे आमच्या धंद्यात न सांगता कळतं. जास्त रिपेअर देणाऱ्या वाचकाला पुढच्या हंगामात बोलावत नाहीत. रिपेअर म्हणजे खोळंबा. साइटवर असताना माणूस भांडून रिपेअर देतो, कारण तिथे पाइप समोर असतो. पण टेस्टमध्ये? टेस्टमध्ये सगळे काठावरचे जोड पास करतात. तो कागदाचा जोड, त्याने कोण मरणार? काम मिळू दे, मग दाखवू कडकपणा. हे मी दुसऱ्यांबद्दल सांगत नाही.

फिल्मांवरचं नाव, गाव, तारीख सगळं पुसलेलं होतं. कडेच्या पट्टीवरचे मापाचे आकडे तेवढे ठेवले होते. चष्मा लावून पडद्यावर पहिल्या सव्वीस बघितल्या. सत्ताविसावी समोर आली आणि मी खुर्ची पुढे ओढली.

पाइपाचं तोंड घड्याळाच्या तबकडीसारखं धरतात. वर बारा, खाली सहा. वेल्डर बारापासून एका बाजूने उतरतो, सहाला थांबतो, मग दुसऱ्या बाजूने उतरून सहालाच गाठ मारतो. सगळ्यांची गाठ सहाला. फक्त एक माणूस सहाच्या आधी चार बोटं थांबायचा, आणि दुसऱ्या बाजूने येताना सहा ओलांडून तिथे गाठ मारायचा. "सगळ्यात खाली सगळी घाण साठते, तिथे कशाला गाठ मारायची?" असं त्याचं म्हणणं. आणि थांबताना तो ठिणगी किंचित मागे ओढायचा, त्यामुळे फिल्मवर उंदराच्या शेपटीएवढी उजळ खूण उमटायची. ती शेपटी माझ्यासमोर होती. चार बोटांवर. माझ्या नवऱ्याची, दामोदर शेलारची. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

दामोदरला मी आधी फिल्मवर पाहिलं, मग प्रत्यक्षात. रसायनीच्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षांची, नवीकोरी, आणि त्याचा चौदा नंबरचा जोड मी पास केला होता. दुपारी हा माणूस काळ्या काचेची टोपी काखेत मारून माझ्या केबिनमध्ये आला.

"बाई, चौदामधून मी माझा नंबर काढून घेतलाय."

प्रत्येक वेल्डर जोडाशेजारी स्वतःचा नंबर ठोकतो. नंबर नसलेला जोड बेवारस. तो कोणालाच पास करता येत नाही. आणि दुसऱ्याच्या जोडावर आपला नंबर कुणी देत नाही, ही वेल्डरांची जुनी रीत.

"मी पास केलाय तो," मी म्हटलं.

"तुम्ही केलात. मी नाही केला."

मला इतका राग आला की फिल्म परत खोक्यावर लावली, याला खोटं पाडायला. आणि चीर दिसली. केसासारखी. जोड कापला तेव्हा त्याने मला तिथे नेलं आणि म्हणाला, "इथे आतून नख फिरवा." मी फिरवलं. नख अडकलं. आमचं लग्न त्यानंतर दीड वर्षाने झालं.

तर सत्तावीस नंबरवर शेपटी होती, आणि शेपटीच्या टोकाशी, रूटला, म्हणजे सगळ्यात आतल्या थरात, एक काळी रेघ होती. असली तर. कडेची सावलीही तशीच दिसते. मला वाटलं, वा रे दामोदर, कुठल्या संग्रहात येऊन बसलास! तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा पाइप, एव्हाना भंगारात गेला असेल. त्या जोडाला आता नापास करू?

"अ‍ॅक्सेप्ट," मी म्हणाले, आणि डोळे पुसायला चष्मा काढला.

* * *

शुक्रवारी मेसेज आला: 'अभिनंदन! आपले मत ग्राहकाच्या अपेक्षेशी जुळले आहे. पुढील प्रक्रियेची प्रतीक्षा करावी.' मी अन्वीला फोन केला. स्वराने उचलला. पुढची प्रक्रिया म्हणजे काय, ते तिला माहीत नव्हतं. कामाचं ठिकाण माहीत नव्हतं. "फीडबॅक अवेटेड आहे मॅम," एवढंच ती तीनदा म्हणाली, तिन्ही वेळा एकाच सुरात.

शनिवारी नसीमचा फोन. नसीम मुकादम माझी विद्यार्थिनी, महाडची. मी हिला पेन्सिल धरायला शिकवली. आता ती शिकवण्या घेते आणि माझ्यासारखीच परवाना जपून बसली आहे.

"बाई, पारिजातची टेस्ट आली का तुम्हाला? चाळीस फिल्मा?"

"आली की."

"मला होल्डवर टाकलं. आमच्या ग्रुपवर नऊ जणांना आली, नऊच्या नऊ होल्डवर. आणि गंमत बघा, नऊही जणांनी सत्तावीसला रिपेअर दिला होता."

मी फ्रिजला टेकून उभी होते. "सत्तावीस कुठली?"

"ती शेपटीवाली, बाई! रूटला केस होता तिच्यात. पास झालाय फक्त तो बडोद्याचा गुप्ते. त्याने म्हणे अ‍ॅक्सेप्ट दिला. 'अभिनंदन, मत जुळलं' असा मेसेज आला त्याला. मला कायतरी वेगळाच वास येतोय. तुम्ही काय दिलंत?"

"आवाज तुटतोय गं तुझा," मी म्हटलं आणि फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा नसीमशी खोटं बोलले.

एक बडोद्याचा गुप्ते, एक मी. कायद्याला दोनच माणसं लागतात. पण हा विचार मी पुढे नेला नाही. भंगारात गेलेल्या पाइपाला दोन माणसं लागतील कशाला?

रविवारी केतकी जेवायला आली.

केतकी आमची एकुलती एक. ती बापावर गेली, वेल्डर झाली. सध्या रोह्याच्या बाजूला हायड्रोजनच्या लाइनवर होती, तीही पारिजातमार्फतच. आता वेल्डरांनाही यादी एकच उरली आहे. आली की पहिल्यांदा हात कोपरापर्यंत घासते, मग ताटावर बसते. त्या दिवशी वालाचं बिरडं होतं.

"आई, सोमवारी सोनं केलं," ती घास घेत म्हणाली. "गोल्डन. माझ्या एकटीच्या हातचा. खड्ड्यात पाठीवर झोपून. खाली हात जाईना, मग बाबांसारखं केलं."

"बाबांसारखं म्हणजे?"

"सहाच्या आधी चार बोटं. शेपटीसकट. बाबा असते तर म्हणाले असते, शेपूट जरा लांब झालं."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. सोमवारी जोड, मंगळवारी टेस्ट.

"फिल्म?" मी विचारलं.

"शुक्रवारी पास! एरवी आठ-आठ दिवस घोळ घालतात. दुसऱ्या कोनातून काढा, रेकॉर्ड दाखवा, साइटवर येतो. या वेळी दोन्ही वाचकांनी एक प्रश्न विचारला नाही. गुरुवारी गॅस सोडतायत. बरं झालं बाई, माझे या हंगामात दोन रिपेअर झालेत. तिसरा झाला की यादीतून नाव गेलं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू का अशी बघतेस? बिरडं छान झालंय."

बाप वारला तेव्हा ही रडली नव्हती. त्याचा जुना हातोडा घेऊन गेली होती. त्याचा हातही घेऊन गेली होती, हे मला, फिल्म वाचणाऱ्या बाईला, कळलं नव्हतं.

* * *

सोमवारी उरलेली सहा पानं वाचली. चौदावं कलम: 'चाचणीदरम्यान नोंदवलेली मते व नजर ग्राहकास वापरता येतील.' एवढंच. खरा वाचक प्रश्न विचारतो, साइटवर येतो, खोळंबा करतो. टेस्ट देणारा काही विचारत नाही. त्याला खूश करायचं असतं. तेव्हा फिल्म टेस्टमध्ये मिसळायची, बारा-पंधरा जणांना दाखवायची, आणि हवं ते बोलणारे दोघे उचलायचे. बाकीचे होल्डवर.

मी फोन लावला. "अन्वी, मला सत्तावीस नंबरचं उत्तर बदलायचंय."

"सॉरी मॅम, टेस्ट लॉक झाली आहे."

"टेस्टच ना? मग लॉक कशाला?"

पलीकडे टाइप केल्याचाही आवाज नाही.

तासाभराने पुरुषाचा फोन आला. भारदस्त, प्रेमळ आवाज. "शेलार मॅडम, मी राजाध्यक्ष. पारिजातमध्ये अनुपालन बघतो."

"माणूस आहात का?"

"आहे, काय करणार!" तो हसला. हसणं खरं होतं, आणि त्याने मला जास्त भीती वाटली. "मॅडम, मी फक्त नोंद वाचून दाखवतो. इतर फिल्मांवर शंकेच्या जागी तुमची नजर सरासरी अर्धा सेकंद थांबते. सत्तावीसवर ती दोन पूर्णांक आठ सेकंद थांबली. बाहुली फुलली. म्हणजे तुम्हाला तिथे काहीतरी दिसलं. आणि तरी तुम्ही अ‍ॅक्सेप्ट म्हणालात. तुमच्या नावाने, तुमच्या परवान्याने. उद्या काही झालं, देव न करो, तर प्रश्न कोणाला विचारतील?"

मी संमतिपत्र परत पुढ्यात ओढलं.

"शनिवारी यावर तुमचं कुणाशी तरी बोलणंही झालं. चाचणी गोपनीय असते, मॅडम. असो. आमच्याकडे कायम वाचकांचं पॅनल होतंय. तुमचं नाव पहिलं आहे. आता मनात काही आणू नका."

शनिवारी मी फ्रिजला टेकून बोलत होते. मान वळवून पाहिलं. फ्रिजवर चष्मा होता, काड्या उघड्या, माझ्याकडे तोंड करून. मी तो उचलला, तांदळाच्या स्टीलच्या पिंपात खाली खोल खुपसला आणि वर झाकण दाबून बसवलं. मग त्या पिंपावर बसून राहिले.

सरकारी तपासणी कार्यालयाला मी अर्ज पाठवला. सगळं लिहिलं, माझं अ‍ॅक्सेप्टही लिहिलं. दोन मिनिटांत उत्तर आलं: 'आपली तक्रार नोंदवली आहे. कार्यवाहीस सात कामकाजाचे दिवस लागतील.' गुरुवारला तीन दिवस होते. फोन लावला तर "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" म्हणणारी बाई. तो आवाजही मला अन्वीचाच वाटला. आता मला सगळेच आवाज अन्वीचे वाटायला लागले होते.

मग नसीमला फोन केला. मोबाइल घरात ठेवून, खालच्या किराणा दुकानातून.

"नसीम, मी अ‍ॅक्सेप्ट दिला होता."

तिने आधी शिकवणीच्या मुलांना बाहेर पाठवलं. मग म्हणाली, "बाई, पहिल्या दिवशी तुम्ही मला काय सांगितलं होतं? फिल्म कोणाची आहे ते विचारायचं नाही. कधीच नाही."

"सांगितलं होतं."

"केतकीला सांगितलंत का?"

* * *

मंगळवारी सकाळच्या एसटीने रोह्याला गेले. साइटच्या गेटबाहेर निळ्या ताडपत्रीची टपरी होती. केतकी हातमोजे खिशात कोंबत पळतच आली.

"आई? कोण गेलं?"

"कोणी नाही. बस."

मी सगळं सांगितलं. ती ऐकताना चहाच्या ग्लासवरची साय बोटाने बाजूला करत होती, लहानपणी करायची तशी.

"म्हणजे तू मला पास केलंस," ती म्हणाली, "आणि आता नापास करायला एसटीने आलीस."

"बाबांची फिल्म समजून पास केली."

"माझी आहे कळलं असतं तर?"

"तर तीनदा बघितली असती."

"वा. बाबांना एकदा, मला तीनदा."

"केतकी."

"सावली असेल. कडेची सावली तशीच दिसते, तूच सांगतेस ना?"

"असेल."

"म्हणजे खात्री नाही तुला."

"नाही. तोंडाने काय बोलले ते सोड. डोळा थांबला होता. पावणेतीन सेकंद. इतकी वर्षं आपण त्या डोळ्यावर जेवलो."

"तिसरा रिपेअर, आई. यादीतून नाव गेलं की मी काय करायचं? खिडकीच्या जाळ्या वेल्ड करत बसू? आणि तुझा परवाना? ते तुला कोर्टात उभं करतील."

"करू देत. मी अर्ज केलाय. पण त्यांना सात दिवस हवेत, आणि तुमचा गॅस गुरुवारी."

"मग मी काय करू? मी जाऊन सांगू, माझी आई म्हणते?"

दामोदरने काय केलं होतं ते तिला शंभर वेळा सांगून झालं होतं. माझ्या तोंडाकडे बघून ती म्हणाली, "ती चौदा नंबरची गोष्ट आता काढू नकोस. हात जोडते."

"नाही काढत."

लाइन जिथून जाते तिथे खालच्या अंगाला पत्र्याची बारीक वस्ती होती. दोऱ्यांवर कपडे वाळत होते. आम्ही दोघी तिकडेच बघत होतो.

मग केतकी ग्लासाकडे बघत म्हणाली, "शेपटीला हात अडकला होता माझा. पाठीखाली दगड टोचत होता. अर्धा श्वास चुकला असेल. म्हटलं, असेल काही तर फिल्मवर येईलच. फिल्म पास झाली. मग म्हटलं, भास."

तिने माझ्यावर सोडलं होतं आणि मी दामोदरवर.

ती उठली. हातमोजे चढवले. "जा तू आता. तीनची गाडी चुकेल." आणि गेटमधून आत गेली. मागे वळून पाहिलं नाही. गाडीत बसून मी विचार करत राहिले की मी नेमकं काय केलं. मुलीचा घास काढून घ्यायला गेले होते की माझं ओझं तिच्या पाठीवर टाकायला? अजूनही मला नीट सांगता येत नाही.

* * *

बुधवारी अकरा वाजता मोबाइलवर मेसेज आला: 'आपली उमेदवारी बंद करण्यात येत आहे. चष्मा तीन दिवसांत परत करावा.' मी तो दोनदा वाचला. मंगळवारी रात्रीपर्यंत मी पॅनलवर पहिली होते. सकाळपासून अकरापर्यंत कुठेतरी काहीतरी घडलं होतं.

बाराला केतकीचा फोन आला. मागे ग्राइंडरचा कर्कश आवाज.

"आई, ऐकू येतंय?"

"येतंय."

"सकाळी खड्ड्यात उतरून माझा नंबर घासून टाकला. साहेब आधी हसला. मग म्हणाला, दुसऱ्या कोणाचा ठोका, दोन मिनिटांचं काम आहे. सोळा वेल्डर आहोत आम्ही इथे. एकेकाला बोलावून विचारलं त्याने."

"मग?"

"कोणी दिला नाही. कडूसकर तर त्याच्यासमोर टोपी घालून जेवायलाच निघून गेला." ती हसली. "पारिजातने मला काढलं. अन्वी म्हणाली, ऑल द बेस्ट मॅम."

"आणि जोड?"

"बेवारस झाला ना. कापतायत. ऐकतेस ना? हाच आवाज."

"कापलेला तुकडा कंपनी लगेच पेटीत घालून नेईल, केतकी. कोणाला दाखवणार नाहीत."

"माहितीये. म्हणून मी खड्ड्यातच उभी आहे. फोन ठेवू नकोस."

मी ठेवला नाही. कटरचा आवाज किती वेळ चालला कोण जाणे. मी गॅस बंद केला, पंखा बंद केला, खिडकी लावली. मग आवाज थांबला. माणसांचं बोलणं, कुणीतरी ओरडलं, "ओ मॅडम, हात नका लावू!" केतकी त्याला काहीतरी बोलली, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग लोखंड जमिनीवर पडल्याचा जड आवाज.

"केतकी?"

"थांब. गरम आहे अजून."

मी थांबले. पिंपात तांदळाखाली तो चष्मा होता, आणि मला उगाच वाटलं, तोही थांबलाय.

"आई."

"हं."

"नख अडकलं."